बिल्डिंगमधली एक खोली शनिवारी उघडी ठेवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या काळाचौकी-लालबाग-परळ पट्ट्यात आता जिकडे बघावं तिकडे चाळी पाडून टॉवर उभे राहतायत आणि रीडेव्हलपमेंटची मीटिंग म्हटली की चर्चा कार्पेट एरिया, कॉर्पस फंड, भाडं आणि पार्किंग एवढ्यावरच होते. ती व्हायलाच पाहिजे, बीडीडी चाळींतल्या माणसांनी १६० चौरस फुटात अख्खी आयुष्यं काढलीत, त्यांना मोठं घर मिळतंय याचा मला मनापासून आनंदच आहे. पण उद्या त्याच बिल्डिंगमधल्या पोरांना, घरातल्या बायकांना, रिटायर झालेल्या माणसांना चार जणांत बसून स्वतःच्या हाताने काहीतरी करायला जागा कुठे असणार हे कुणीच विचारत नाही. तेवढ्यासाठी हे पत्र लिहितेय.

आपल्याकडे कला म्हटलं की लोक लगेच "अंगात असावी लागते" म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या या गिरण्यांच्या भागात, गिरणगावात जे झालं ते बघा ना. कोकणातनं, घाटावरनं आलेली माणसं, एका खोलीत पाळीपाळीने झोपायची, आणि तीच माणसं शिफ्ट संपली की नाटकाची तालीम करायची, भजनाला बसायची, नमन आणि शक्तीतुरा या कोकणातल्या लोककला उभ्या करायची, परळच्या दामोदर हॉलला प्रयोग लावायची. अण्णाभाऊ साठेंना धड शाळा मिळाली नाही, मुंबईत पडेल ते काम केलं, चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिले, आणि १९४४ साली अमर शेख, गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. कवी नारायण सुर्वेंना तर एका गिरणी कामगाराने रस्त्यावरनं उचलून घरी आणून वाढवलं. प्रतिभा या लोकांची होतीच, त्याबद्दल वादच नाही, पण ती दिसली कारण आजूबाजूला ऐकणारी माणसं होती, बसायला चौक होता, गॅलरी होती, कामगार कल्याण केंद्र होतं, कुणीतरी ढोलकी आणून ठेवलेली असायची. १८९३ ला गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला तोही चाळीत एकत्र जमायला जागा होती म्हणूनच. १९८२ च्या गिरणी संपानंतर अडीच लाख कामगारांची वाताहत झाली, पगार गेला हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याबरोबर मंडळांच्या तालमी पण हळूहळू बंद पडल्या हे फारसं कुणी बोलत नाही.

आता टॉवरमध्ये लिफ्ट लॉबी आहे, तिथे कुणी बसलं की वॉचमन येतो.

आमच्या बिल्डिंगमधलं एक उदाहरण सांगते. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आमच्याकडे सगळ्यांचं एकच, आता गणपतीची आरास कसली करणार. मग खालच्या मजल्यावरच्या एका आजोबांनी, जे पूर्वी बुक बाइंडिंगच्या कामाला होते, त्यांनी पोरांना सांगितलं घरोघरी ऑनलाईन सामान येतं त्याचे खोके टाकू नका, आणून द्या. सोसायटी ऑफिसात टेबल बाजूला सरकवून कामाला सुरुवात झाली. खोक्याच्या पुठ्ठ्यात आत ज्या नागमोडी रेघा असतात ना, त्यांना समांतर वाक दिला तर कमान सुंदर वळते आणि रेघांना आडवा वाक दिला तर पुठ्ठा चटकन मोडतो, हे पोरांना त्यांनी तोंडाने सांगितलंच नाही, नुसतं दोन तुकडे हातात दिले आणि वाकवा म्हणाले. मैद्याची खळ शिजवली, पूर्वी बाइंडर लोक त्यात मोरचूद घालायचे कीड लागू नये म्हणून, पण मुलांच्या हातात द्यायची म्हटल्यावर तो वगळला, त्यामुळे खळ रोज ताजी करावी लागायची आणि ते काम आपोआप बायकांकडे न जाता मोठ्या मुलांकडे गेलं. पेपरच्या रद्दीच्या नळ्या वळून खांब केले. सातवीतल्या एका मुलाने, जो वर्गात तोंड उघडत नाही म्हणून त्याची आई कायम काळजीत असायची, त्याने नळ्या एकात एक अडकवून खांब उंच करायची युक्ती काढली आणि मग तोच सगळ्यांना शिकवत होता. मखर थोडं डावीकडे कललेलं होतं. पण बिल्डिंगमधलं एकूणएक माणूस दिवसातनं एकदा तरी तिथे येऊन बघून जायचं, कुणी जुनी साडी आणून द्यायचं, कुणी म्हणायचं इथे आतनं आधाराला काडी लावा.

गणपती गेले आणि ऑफिसला परत कुलूप. मला वाईट वाटतं ते याचं, कारण तीच मुलं परत क्लासला बसली. ड्रॉइंगचा क्लास वाईट असतो असं नाही पण आपण तो एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठी लावतो, दहावीला वाढीव मार्क मिळतात म्हणून, आणि ग्रेड हातात पडली की रंगपेटी माळ्यावर जाते. उगाच मोबाईलला शिव्या घालण्यातही मला काही अर्थ दिसत नाही, पोरं रील एडिट करतात त्यातही डोकं लागतंच. पण दुसऱ्याच्या हातातली कात्री मागून घेणं, त्याचं बघून आपलं सुधारणं, फसलेलं सगळ्यांसमोर उलगडून परत करणं, हे एकत्र बसल्याशिवाय येत नाही.

आणि जागा नाही असं म्हणून चालणार नाही. नवीन बिल्डिंगमध्ये सोसायटी ऑफिस आणि फिटनेस सेंटरला एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्या मोजणीत, सूट मिळते, म्हणजे ती जागा बिल्डर उपकार म्हणून देत नसतो. एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत तर बालवाडी आणि वेल्फेअर सेंटरची तरतूद नियमातच आहे. ती केंद्रं किती ठिकाणी खरोखर उघडी असतात हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत फिरून बघावं, मी बघितली त्यात कुठे मांडवाचे बांबू भरलेले होते तर कुठे नुसतं कुलूप. पालिकेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी आणि रविवारी रिकामे असतात, तेही एखाद्या मंडळाच्या जबाबदारीवर द्यायला काय हरकत आहे?

माझं सोसायट्यांना एवढंच सांगणं आहे की आठवड्यातनं एक संध्याकाळ, शनिवार म्हणा, दोन तास ती खोली उघडा. कुणाला पाहुणे म्हणून बोलवू नका, स्पर्धा ठेवू नका, सर्टिफिकेट तर अजिबात नको, नाहीतर आई-बापच पोरांच्या हातातनं ब्रश काढून घेतात. कुणी गोधडी शिवेल, कुणी ठिपक्यांची रांगोळी शिकवेल, कुणी दिवाळीला बांबूच्या काड्यांचा कंदील करेल, कुणी नुसतं पेटी घेऊन बसेल. माहीमच्या कंदील गल्लीतनं तयार कंदील जरूर घ्या, त्या लोकांचं पोट त्यावर आहे, पण एक तरी कंदील बिल्डिंगच्या गेटवर आपल्या पोरांचा लागू दे. कमिटीतले लोक म्हणतात लाईट बिल कोण भरणार, आवाज होतो, काही तुटलं तर जबाबदार कोण. आवाजाचा प्रश्न खरा आहे, आजारी माणसं असतात, परीक्षा असतात, तेव्हा नऊला बंद म्हणजे बंद. बाकी दोन तासांच्या ट्यूबलाईटचं बिल तीस घरांत वाटलं तर किती येणार?

ज्यांची रीडेव्हलपमेंट अजून व्हायची आहे त्यांनी मात्र ॲग्रीमेंटवर सही करायच्या आधीच नकाशात ही खोली मागून घ्यावी, तळमजल्यावर, खिडकी असलेली, आत पाण्याचा नळ असलेली, नंतर कुणी देत नाही.

आणि आपल्या वर्तमानपत्राला एक विनंती. शहराच्या पानावर वॉर्डवार एक छोटा चौकोन द्या, त्यात कुठलं वेल्फेअर सेंटर, कुठलं कामगार कल्याण केंद्र, कुठला हॉल संध्याकाळी लोकांसाठी उघडा असतो ते छापा, आणि जिथे कुलूप आहे तिथे किल्ली कोणाकडे असते तेही तुमच्या बातमीदारांनी विचारून छापावं. सुरुवात आमच्या एफ साऊथ वॉर्डपासून केलीत तर यादी करायला मी आणि आमच्या बिल्डिंगमधल्या दोघी-तिघी मदतीला यायला तयार आहोत.

आपली,
एक वाचक, काळाचौकी, मुंबई