परत फिरलेल्या विमानाचा खर्च

माननीय पृथ्वी विज्ञान मंत्री, भारत सरकार, यांस

स. न. वि. वि.

काही वर्षांपूर्वी अंटार्क्टिकाच्या एका मोहिमेत मी होतो. केपटाऊनहून मालवाहू विमानाने निघालो. पोटात पेट्यांची थप्पी, खिडक्या नावालाच, कानांत बोळे. निम्म्याहून जास्त वाट कापल्यावर विमान मागे वळलं, कारण तिकडे ढग खाली उतरले होते. शेजारचा म्हणाला, "दिवस फुकट गेला." मीही मान डोलावली. चार दिवसांनी पुन्हा निघालो. उतरण्याआधी सगळ्यांची जाड कपडे चढवायची झटापट झाली आणि चाकं निळ्या बर्फाला टेकली. ब्रेकचा नेहमीचा हिसका काही बसला नाही. बर्फावर ब्रेकचा भरवसा धरत नाहीत, इंजिनांचा जोर उलटा लावून विमान आवरतात. इंजिनं किंचाळत होती आणि विमान आपलं पळतंच होतं. तेवढ्या वेळात कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

त्या 'फुकट' गेलेल्या दिवसाची नोंद आपल्या मंत्रालयाच्या हिशेबात कशी होते, हे विचारण्यासाठी हे पत्र.

ध्रुवांकडची विमानं कशी पडतात, याचे चौकशी अहवाल परतल्यावर मी वाचत गेलो. २० ऑगस्ट २०११ रोजी उत्तर कॅनडात रेझोल्यूट बे इथे एक बोइंग ७३७ उतरत होतं. चुंबकीय ध्रुव जवळ असल्याने तिथे साध्या होकायंत्रावर विसंबता येत नाही, दिशा वेगळ्या पद्धतीने बसवावी लागते. ती काही अंशांनी चुकलेली होती. विमान धावपट्टीपासून बाजूला सरकत चाललं. सहवैमानिकाच्या ते लक्षात आलं, त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं, उतरणं सोडून वर जाऊ असंही सुचवलं. कप्तानाला तसं वाटलं नाही. अखेर वर जायचं ठरलं तेव्हा टेकडी समोर आली होती. १५ पैकी १२ जण गेले. तिघे वाचले, आणि त्यांना मदत लगेच मिळाली ती केवळ लष्कराचा सराव त्याच दिवसांत तिथे चालू होता म्हणून.

कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाच्या ॲलर्ट या लष्करी तळाजवळ ३० ऑक्टोबर १९९१ रोजी पडलेल्या कॅनडाच्या हर्क्युलिस या लष्करी मालवाहू विमानाला हे नशीब नव्हतं. धावपट्टी जेमतेम सोळा किलोमीटरवर होती, पण वादळामुळे मदत पोचायला तीस तासांहून जास्त लागले. १८ पैकी ५ जण दगावले. विमान पडल्यावरही जिवंत असलेला कप्तान थंडीने गेला.

उत्तर ध्रुवाकडच्या आपल्या 'हिमाद्री' या संशोधन केंद्राकडे जाणारे शास्त्रज्ञ नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येनला उतरतात. तिथेच २९ ऑगस्ट १९९६ रोजी उतरता उतरता एक तुपोलेव्ह हे रशियन प्रवासी विमान डोंगरावर आदळलं आणि १४१ माणसं गेली, त्यांतले बहुतेक खाणकामगार आणि त्यांची कुटुंबं. म्हणजे हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही.

वैमानिकाची डोळ्यांवरची मदार तिकडे केव्हा सुटेल याचा नेम नसतो. आभाळ भरून आलं की खालचा बर्फ आणि वरचा ढग यांच्यात प्रकाश असा खेळतो की सावलीच उरत नाही. क्षितिज पुसलं जातं, चढ आणि सपाटी सारखीच दिसते. त्यात कडक थंडीत हवा दाट होते आणि उंचीमापक खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो. हे सगळं वैमानिकांना पाठ असतं. तरी अडचण येते, कारण उन्हाळ्याचे महिने मोजके, खाली माणसं ताटकळलेली आणि वर परत फिरण्याची, म्हणजे परतीपुरतं इंधन उरण्याची, वेळ टळत चाललेली. १९७० मध्ये अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो या अमेरिकी केंद्राकडे निघालेलं एक सुपर कॉन्स्टेलेशन विमान ती वेळ टळल्यावर वादळात सापडलं, तेव्हा उतरण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. विमान मोडलं, पण आतले ८० च्या ८० जण जिवंत राहिले. तिथल्या एका धावपट्टीला पुढे त्या विमानाचंच नाव दिलं: पेगासस. मला हे थोडं गमतीचं वाटतं.

आपण अंटार्क्टिकातल्या 'मैत्री' आणि 'भारती' या आपल्या केंद्रांसाठी अनेक देशांबरोबर 'ड्रोमलान' या सामायिक हवाई व्यवस्थेत आहोत. सामायिक असल्यामुळेच परत फिरलेल्या फेरीचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न अवघड होतो. म्हणून मागणी साधी आहे. मोहिमेच्या अंदाजपत्रकात वाया जाणाऱ्या फेऱ्यांचा खर्च आधीच वेगळा धरावा, म्हणजे मागे वळल्याबद्दल कोणाला खुलासा द्यावा लागणार नाही. वेळापत्रकात मोकळे दिवस ठेवावेत, आणि ते दिवस खरंच मोकळे राहू द्यावेत. नाही तर नेहमीप्रमाणे कोणीतरी त्यांत आणखी एक प्रकल्प बसवतो. आपली माणसं ज्या विमानांनी जातात त्यांच्या थोडक्यात निभावलेल्या प्रसंगांची यादी मोसम संपल्यावर प्रसिद्ध करावी. अपघाताचा अहवाल निघतोच. पण रेझोल्यूटच्या सहवैमानिकाचं ऐकलं गेलं असतं, तर त्या फेरीबद्दल कुठेही चार ओळी आल्या नसत्या.

मोहिमेची उड्डाणं नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतात. त्याआधी उत्तर आलं तर बरं होईल. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिलंत तरी चालेल.

आपला,
मोहिमेतला एक माजी सदस्य