जलाशयाकाठचे तंबू आणि मागे उरणारा कचरा

महोदय,

पावसाळा सरला की गंगापूर आणि काश्यपी धरणांच्या जलाशयाकाठी तंबूंची वर्दळ सुरू होते. शहरातली माणसं मुलांना चांदणं दाखवायला, चुलीवरची भाकरी खायला बाहेर पडतात, हे चांगलंच आहे. आसपासच्या गावांतल्या तरुणांनाही त्यातून काम मिळतं. पण मुक्काम हलल्यावर मागे काय उरतं? बाभळीच्या काट्यांत अडकलेल्या थर्माकोलच्या थाळ्या, आणि म्हशी पाण्यात उतरतात नेमक्या त्याच चिखलात फुटलेल्या बाटल्यांच्या काचा. गंगापूर धरणाचं पाणी आपण नाशिककर पितो. त्याच्या काठावर साबणाने भांडी घासणं, आडोसा शोधून शौचाला बसणं कसं चालेल?

शेकोटीची चिंता त्याहून मोठी. हिवाळा संपता संपता सागाची पानं गळतात, गवत वाळून जातं. अशा वेळी राखेखाली धुमसणारा एखादा निखाराही पुरतो. राखीव वनाला धोका होईल अशी आग पेटवणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, हे किती पर्यटकांना ठाऊक असतं? रात्री १० नंतर स्पीकर बंद ठेवण्याचा नियम तर सर्वांना माहीत आहे, तरी तो पाळला जात नाही.

वन आणि जलसंपदा विभागांनी पाण्यापासून दूर ठरावीक जागा आखून द्याव्यात, तिथे शौचालयं असावीत आणि देखरेख गावाकडेच सोपवावी. प्रत्येक तंबूमागे अनामत रक्कम घ्यावी, आणि कचरा गोळा करून दाखवल्यावरच ती परत द्यावी.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक