घरगुती पेडलमधला खर्ज : बूस्टरच्या आधी गळती शोधावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गिटारचे इफेक्ट पेडल (आवाजाचा बाज बदलणारी, पायाने चालवायची पेटी) घरी तयार करण्याविषयी आलेला लेख आवडला. असा विषय मराठी वृत्तपत्रात सर्किटच्या आकृतीसह छापला गेला, याचे मनापासून स्वागत. मात्र पेडलचा आवाज पातळ वाटल्यास शेवटी बेस बूस्टर जोडावा, हा त्यातील सल्ला नवशिक्यांना चुकीच्या दिशेने नेईल असे वाटते, म्हणून हे पत्र.

गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर ८२.४ हर्ट्झचा असतो. घरी बांधलेल्या पेडलमध्ये हा खर्ज बहुतेक वेळा वाटेतच अडलेला असतो. डीसी व्होल्टेज पुढे जाऊ नये म्हणून प्रत्येक टप्प्यावर जो कपॅसिटर बसवतात, तो त्याच्या पुढच्या रोधाबरोबर (रेझिस्टन्स) एक फिल्टर तयार करतो. २π, रोध आणि धारकता (कपॅसिटरचे मूल्य) यांच्या गुणाकाराने एकाला भागले की त्या फिल्टरची सीमा मिळते आणि तिच्याखालचे स्वर उतरत्या प्रमाणात क्षीण होत जातात. लेखातील आकृतीत आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. पुढे गिटार अ‍ॅम्प्लिफायरचे १ मेगओहमचे इनपुट असेल, तर ही सीमा २ हर्ट्झच्याही खाली राहते आणि काहीच बिघडत नाही. पण तेच पेडल १० किलोओहमच्या लाइन इनपुटला, म्हणजे एखाद्या मिक्सरला किंवा कॉम्प्युटरच्या साउंड कार्डला जोडले, की सीमा १५९ हर्ट्झवर चढते आणि जाड तारेचा मूळ स्वर निम्म्याहूनही कमी उरतो. वादकाला वाटते की पेडलमध्ये बेस नाही. इथे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरेसा आहे, आणि तो बसवण्यापूर्वी जुना न काढता त्याला समांतर धरून कानाने खात्री करून घेता येते. इलेक्ट्रोलिटिक (धन-ऋण बाजू असलेला) कपॅसिटर वापरल्यास त्याची धन बाजू सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या, म्हणजे ऑप-अ‍ॅम्पच्या ४.५ व्होल्टकडे असावी, एवढे पाहावे.

अकूस्टिक गिटारला पिझो पिकअप (कंपनांचे विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी चकती) चिकटवणाऱ्यांची अडचण याहून तीव्र असते, कारण पिझो हा स्वतःच एक छोटा कपॅसिटर असतो. त्याची धारकता १ नॅनोफॅरड धरली, तर १ मेगओहमच्या इनपुटलाही सीमा १५९ हर्ट्झच येते. अशा वेळी हवा असतो तो १० मेगओहम इनपुटचा एफईटी (फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टरचा) बफर, म्हणजे सिग्नलवर भार न टाकता तो पुढे देणारा टप्पा, आणि तोही पिकअपच्या लगेच पुढे. पाच पेडलांच्या रांगेनंतर लावलेला बूस्टर गेलेला खर्ज परत आणताना त्याच्याबरोबर तारांमधली ५० हर्ट्झची घरघरही तितकीच वाढवतो.

काही सर्किटांत मात्र खर्ज मुद्दाम कमी ठेवलेला असतो, आणि हा भाग लेखात यायलाच हवा होता. इबानेझ ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. त्याच्या क्लिपिंगच्या, म्हणजे सिग्नलची टोके कापून डिस्टॉर्शन (फाटका आवाज) घडवणाऱ्या, टप्प्यात ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकसरीत जोडलेले आहेत, त्यामुळे ७२० हर्ट्झच्या खाली गेन (सिग्नलची वाढ) घटत जातो आणि खालचे स्वर फारसे न फाटता पुढे जातात. तो कपॅसिटर ०.१ केला की सीमा ३४० हर्ट्झच्या आसपास उतरते, ०.२२ केला की सुमारे १५४ वर. एकेक तार वाजवताना हा बदल भरदार वाटतो. पण जाड तारांवर ८२.४ आणि ११० हर्ट्झचे दोन स्वर एकत्र वाजवून पाहावेत : डिस्टॉर्शनमध्ये त्यांच्या वजाबाकीचा, म्हणजे २८ हर्ट्झच्या आसपासचा, तिसराच घटक जन्माला येतो आणि सगळा कॉर्ड चिखलासारखा बसतो. म्हणून ०.१ च्या पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांना डिस्टॉर्शनसह खोल खर्ज हवाच आहे, त्यांनी बफरनंतर सिग्नल दोन वाटांनी न्यावा. एक वाट क्लिपिंगमधून जाईल. दुसरीवर १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा लो-पास फिल्टर लावून स्वच्छ खर्ज बाजूला काढता येईल, आणि शेवटी एका ऑप-अ‍ॅम्पने दोन्ही मिसळता येतील. इथे एक खाचखळगा आहे. दोनपैकी एका वाटेवर सिग्नल उलटा होत असेल, तर मिसळताना दोन्ही एकमेकांना खोडतात, आणि स्वच्छ खर्जाचा पॉट (पातळी बदलणारी फिरती कळ) वर नेला की आवाज भरण्याऐवजी आणखी पोकळ होतो. तसे झाल्यास एक इन्व्हर्टिंग टप्पा वाढवावा.

आवाजाचा बेस आवडीनुसार कमीजास्त करण्याची सोय हवी असेल, तर पीटर बॅक्सँडॉल यांनी १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात प्रसिद्ध केलेले टोन कंट्रोल आजही उत्तम आहे. ते क्लिपिंगच्या नंतर बसवावे. मात्र १२ डेसिबल वाढ म्हणजे चौपट व्होल्टेज, आणि ९ व्होल्टच्या पुरवठ्यावर टीएल०७२ सारख्या ऑप-अ‍ॅम्पला वरखाली मिळून साधारण ६ व्होल्टच मोकळे मिळतात, हे विसरल्यास बूस्टरच सिग्नल फाडू लागतो. शिवाय सहा-साडेसहा इंची स्पीकरच्या सरावाच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ८० हर्ट्झ वाढवून स्पीकरचा कागद नुसता हलतो. त्यापेक्षा १५० ते २०० हर्ट्झचा पट्टा थोडा उचलावा. जाड तारेचा दुसरा हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा घटक) १६५ हर्ट्झवर तिथेच येतो आणि कान त्यावरून मूळ स्वर जाणून घेतो.

शेवटी एक विनंती. लेखातील आकृतीत कपॅसिटरची मूल्ये एककांशिवाय छापली आहेत. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांवर ‘०.१’ असे लिहिलेले क्वचितच आढळते, तिथे ०.१ मायक्रोफॅरडवर १०४, ०.०४७ वर ४७३ आणि ०.२२ वर २२४ असा आकडा असतो. पुढच्या भागात प्रत्येक मूल्याशेजारी हा आकडा छापावा, म्हणजे दुकानात उभ्या असलेल्या मुलाला ती आकृती थेट दाखवता येईल.

आपला,
एक वाचक, पुणे