परदेशी भाषाशिक्षकांचा अभ्यासमेळावा नाशिकलाच भरावा

महोदय,

नाशिकमध्ये जर्मन, जपानी, फ्रेंच शिकवणारे शिक्षक शाळा, महाविद्यालये आणि खासगी वर्गांत विखुरलेले आहेत. माक्स म्युलर भवन, आलियाँस फ्रान्सेज, रानडे इन्स्टिट्यूट या परदेशी भाषा शिकवणाऱ्या संस्था साऱ्या पुण्यात, त्यामुळे प्रशिक्षण म्हटले की दोनशे किलोमीटरचा प्रवास आलाच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा धरते. महिन्यातून एकदा तीन तास, असे आठ मेळावे नाशिकमध्येच झाले तर त्यातले २४ तास इथेच भरून निघतात.

मात्र हे मेळावे नेहमीच्या चर्चासत्रांसारखे नकोत. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रमुख पाहुण्यांचे भाषण यांत पहिला तास जातो, मग पडद्यावर दाखवलेले सगळे जण मोबाइलवर टिपतात आणि सोमवारी वर्गात जुनेच चालू राहते. शिकवून पाहायला वेळच दिलेला नसतो, हे त्यामागचे कारण.

बारा ते पंधरा शिक्षक पुरेत; त्याहून जास्त झाले तर दोन गट करावेत. पहिल्या तासात दोघांनी प्रत्येकी वीस मिनिटे प्रत्यक्ष धडा घ्यावा, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हावे आणि नंतरची दहा मिनिटे फक्त त्या धड्यावर बोलावे. हा तास सर्व भाषांचा एकत्र चालतो, कारण पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाला बोलते कसे करायचे हा प्रश्न सर्वांचा सारखाच आहे.

दुसरा तास उत्तरपत्रिकांचा, भाषावार. जर्मनच्या ए-१ या अगदी प्राथमिक पातळीच्या परीक्षेत सुमारे ३० शब्दांचा छोटा मजकूर लिहायचा असतो. एका विद्यार्थ्याचा असा मजकूर नाव झाकून सर्वांना झेरॉक्स करून द्यावा, एकमेकांशी न बोलता गुण द्यायला सांगावे आणि ते सगळे फळ्यावर मांडावेत. एक जण प्रत्येक चुकलेल्या लिंगासाठी गुण कापतो, दुसरा प्रश्नात मागितलेले मुद्दे आले का एवढेच पाहतो. हा फरक फळ्यावर दिसल्याशिवाय शिक्षकाला स्वतःची सवय कळत नाही, आणि विद्यार्थी मात्र ‘सरांकडे पैकीच्या पैकी, परीक्षेत नापास’ अशा कोंडीत सापडतो.

तिसरा तास आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो: मराठीचा आधार कुठे घ्यायचा आणि कुठे सोडायचा. बहुतेक पाठ्यपुस्तके इंग्रजीतून समजावतात. जपानी वाक्यात क्रियापद मराठीसारखे शेवटी येते, शब्दयोगी अव्ययेही नामामागून येतात. तरी मुले आधी इंग्रजी वाक्य जुळवतात आणि मग ते उलटे फिरवतात. जर्मनची तीन लिंगे मराठी मुलाला नवी नाहीत. कोणत्या शब्दाचे कोणते लिंग, एवढेच पाठ करायचे. ‘त्साइट’, म्हणजे वेळ, याचा पहिला उच्चार ‘चाक’मधल्या च-चा, हे सांगितले की रोमन झेड पाहून होणारे ‘झाइट’ बंद होते.

पण मराठी फसवतेही. ‘घरात आहे’ आणि ‘घरात जेवतो’ यांत आपला ‘त’ एकच. जपानीत मात्र ‘उची नी इमासु’ आणि ‘उची दे ताबेमासु’. तसेच ‘टेबलावर ठेव’ आणि ‘टेबलावर आहे’: जर्मनमध्ये पहिल्याला ‘आउफ डेन टिश’, दुसऱ्याला ‘आउफ डेम टिश’. अशा जागांची यादी प्रत्येक मेळाव्यात वाढवत नेली तर वर्षाअखेरीस मराठी विद्यार्थ्यांसाठीची एक टिपणवही तयार होईल. आज ती कुठे एकत्र मिळत नाही, ही आमची खरी तळमळ आहे.

वेळ शनिवारी दुपारी २ ते ५ ठेवावी: सकाळची शाळा सुटलेली असते, संध्याकाळचे वर्ग सुरू व्हायचे असतात. जून हा शाळा सुरू होण्याचा महिना, तो टाळावा. जेएलपीटी ही जपानीची प्रावीण्य परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, तेव्हा त्याच्या आदल्या दिवशी मेळावा ठेवला तर जपानीचे शिक्षक येणारच नाहीत.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा सार्वजनिक वाचनालय यांनी एक खोली द्यावी आणि मुक्त विद्यापीठाने उपस्थितीच्या तासांचे प्रमाणपत्र द्यावे, अशी विनंती आहे. खोलीत फळा आणि हलवता येणाऱ्या खुर्च्या असाव्यात. माइक लागणार नाही.

– परदेशी भाषांचे काही शिक्षक, नाशिक