वर्गात दोनच हात वर आले

डिचोली, गोवा

प्रिय सखे,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. पण परवा वर्गात जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

दुसऱ्या वर्षाच्या मुलींना एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा विषाणू, शिकवत होते. धोक्याचे प्रकार कोणते? "१६ आणि १८," सगळ्यांचा एक सूर. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के या दोघांमुळे होतात, तेही पाठ. मग विचारलं, हा विषाणू पसरतो कसा? सगळ्यांच्या माना खाली. बऱ्याच वेळाने मागून बारीक आवाज आला, "शरीरसंबंधातून." लस किती जणींनी घेतलीय म्हटलं, तर दोन हात वर आले. दोनच गो! उद्या गावोगावच्या बायकांना समजावणार त्या याच मुली.

तास सुटल्यावर सत्तरी तालुक्यातली एक पोर थांबून राहिली. म्हणाली, "मॅडम, लस हवी म्हटलं तर आईला वाटेल माझं बाहेर काहीतरी आहे." मला गलबलून आलं. हिला पेशींची आकृती काढता येते, पण आईशी बोलायचं कसं ते आपण कुणी शिकवलंच नाही. म्हटलं, आईला सांग, ही लस संबंध येण्याआधीच घ्यायची असते, म्हणून तर ९ ते १४ वर्षांच्या मुलींना देतात. वय उलटलं तरी घेता येते, फक्त १५ नंतर सहसा तीन डोस लागतात. आणि लस घेतली तरी पुढे गर्भाशयमुखाची तपासणी चुकवायची नाही, कारण ती सगळ्याच प्रकारांना अडवत नाही.

बोलता बोलता मला आपल्या शेजारच्या काकी आठवल्या. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावरून रक्त जायला लागलं, तरी वर्षभर कुणाला बोलल्या नाहीत. हा कॅन्सर व्हायला १५-२० वर्षं लागतात. तेवढ्या काळात एकदा जरी तपासणी झाली असती तर!

तुझी लेक आता बारा वर्षांची. पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही एचपीव्हीची लस तयार होते, २०२३ पासून मिळतेय. या वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. पहिला गणपतीच्या चवथीला यायच्या आधीच दे. धाकट्याचंही डॉक्टरांना विचार, मुलग्यांनाही ती देतात. घशाचा कॅन्सरही याच विषाणूने होऊ शकतो.

आणि चवथ झाली की दोन दिवस जास्त राहा. पॅपची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी मीही चार वर्षं टाळलीय. दोघी मिळून जाऊ.

तुझीच,
डिचोलीची मैत्रीण