मेस्त्रीकाकांना, त्या काठीबद्दल

मेस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

विसर्जनं आटोपली. आता शाळेत तुम्हाला दोन घटका उसंत असेल, म्हणून आज लिहायला बसलो. तुमच्याकडे साधा फोन, तेव्हा हे नातवाने वाचून दाखवायचं आहे. तुम्ही "पुरे रे" म्हणालात तरी त्याने मधलं काही गाळायचं नाही.

वेंगुर्ल्याबाहेरचं कोणी वाचत असेल तर सांगतो, ही शाळा म्हणजे गणपतीची शाळा. आमच्याकडे मूर्तीच्या कारखान्याला शाळाच म्हणतात. नागपंचमीच्या सुमारास ज्याने त्याने आपल्या घरचा पाट तिथे नेऊन द्यायचा आणि चतुर्थीला त्याच पाटावरून गणपती घरी आणायचा. मी मात्र ऐन श्रावणात, भर पावसात, छत्रीखाली विमान घेऊन गेलो होतो.

विमान फोमबोर्डचं होतं. बाबांच्या पंच्याहत्तरीसाठी सी हॉक करायला घेतलं होतं. नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं, म्हणजे तुकडीचं, जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडणारं लढाऊ विमान. बाबांनी सत्तरच्या दशकात हँगरमध्ये या विमानांच्या सांगाड्याची कामं केली. ७१ च्या डिसेंबरात सी हॉकनी कॉक्स बाझार आणि चितगावावर हल्ले केले, तेव्हा ते अजून शिकाऊ होते आणि जहाजावर नव्हते. कोणी उगाच 'युद्धातले सैनिक' म्हणालं की ते स्वतःच दुरुस्ती करतात. मूळ विमानाच्या पंखांचा पसारा ३९ फूट. मी एका फुटाला एक इंच धरला, म्हणजे माझं ३९ इंचांचं झालं. कापणं, दुमडणं, चिकटवणं मला जमतं. शेपटाकडे फट पाडून मोटर आणि पंखाही बसवला. खऱ्या सी हॉकला असला पंखा नव्हता, ते जेट होतं, पण उडवायचं तर एवढी लबाडी करावी लागते. आकार उतरला. घोडं अडलं ते रंगापाशी.

एका मोठ्या शहरातल्या दुकानात स्प्रे घेतला. फोमबोर्डवर चालेल ना, म्हणून दोनदा विचारलं. "सगळ्यावर चालतो, बिनधास्त मारा." मारला. फोमबोर्डच्या पोटात असतं ते थर्माकोलचंच भावंड. वरचा कागद शाबूत असेल तिथे तो थोडाफार तग धरतो, पण नाकाला गोलाई आणायला मी कागद सोलला होता. तिथे स्प्रेतल्या द्रावणाने फोम असा खाल्ला की नाकाचं वारूळ झालं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "तुम्ही जवळून मारला असेल."

नवं नाक केलं. मग बिल्ले. केशरी, पांढरं, हिरवं वर्तुळ आणि शेपटाजवळचे आकडे कापून घ्यायला एका रेडियमवाल्याकडे दिले. त्याने आगाऊ पैसे घेतले आणि तीन आठवडे "उद्या या" केलं. शेवटी दिलं ते एवढं चिकट की वाकडं बसलेलं एक वर्तुळ सरळ करायला उचललं, तर पंखावरचा कागदच त्याच्याबरोबर निघून आला. त्याचं म्हणणं, "खेळण्याला एवढं काय?"

यांची नावं लिहीत नाही. दुकानं चालू आहेत, चालू देत. पण त्या दोघांपैकी एकानेही विमान कोणाचं, कशासाठी, असं विचारलं नाही, हे मात्र मनात राहिलं.

खरं सांगायचं तर लागलं ते बाबांचं बोलणं. मी ब्रशने राखाडी रंग फासून, स्केचपेनने पत्र्याचे जोड आखून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "छान झालंय हो खेळणं." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तुमच्याकडे आलो तेव्हा चतुर्थीला जेमतेम दोन आठवडे होते. मूर्ती वाळत नव्हत्या, चारी बाजूंनी बल्ब लावलेले, मुलगा एका रंगात, सून दुसऱ्या. माझ्याकडे न बघताच तुम्ही विचारलंत, "पाट खंय?" मी विमान पुढे केलं. सगळी शाळा हसली. तुम्ही हसला नाहीत. हात पुसून ते घेतलंत आणि विचारलंत, "ह्या कोणाचा?"

म्हटलं, बाबांचं.

पुढे काय काय केलंत ते सगळं लिहीत बसत नाही, शाळेची गुपितं शाळेतच राहोत. तरी दोनतीन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. कडांचा उघडा फोम झाकायला मी पिठाची खळ म्हणालो, तर तुम्ही म्हणालात, "पावसात बुरशी धरतली," आणि फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून त्यात जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या भिजवल्यात. पंखाची एकच बाजू ओली केली तर तो पापडासारखा वळतो, म्हणून दोन्ही बाजूंना एकदमच हात दिलात, आणि वाळवताना बल्बपासून हातभर लांब टांगलंत. बिल्ल्यांसाठी जुन्या एक्स-रेची फिल्म कापून साचा केलात. ती माझ्याच गुडघ्याची होती, तिचा शेवटी उपयोग झाला म्हणायचा. माझ्या स्केचपेनच्या रेघा बघून "ह्या व्यंगचित्र झाला" म्हणालात, त्यांवरून राखाडी फिरवलात आणि शिसपेन्सिलीने नव्या रेघा ओढून अंगठ्याने पुसल्यात. रेघ पुसली तेव्हाच तिथे पत्रा दिसायला लागला! राखाडीत चिमूटभर पांढरा घातलात, कारण लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद दिसतो. हे मी कुठेतरी वाचलं होतं. तुम्ही ते हातभर मूर्ती आणि पुरुषभर मूर्ती रंगवून शिकला होतात.

मग धुराचा प्रश्न आला. सी हॉकचं इंजिन एक, पण त्याचा धूर पंखांच्या मुळाशी, मागच्या बाजूला, दोन्हीकडून निघायचा. गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन मी सी हॉकचे फोटो काढले होते, पण वर्षानुवर्षं जागेवर उभ्या असलेल्या विमानाला ताजा धूर कुठला? मी म्हटलं, अंदाजाने काळं करू. तुम्ही मान हलवलीत. "तेंकाच इचारूक होया."

बाबांना गुडघ्यांमुळे आमची घाटी उतरवत नाही. चतुर्थीला चार दिवस राहिले असताना, रात्री दहाला, शाळा सोडून तुम्ही वर आलात. विमान प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं, खिशात पणती आणि काखेत ती बांबूची काठी. गणपतीचे डोळे आखताना तुम्ही मनगट टेकता ती.

पणती लावून वाटीच्या बुडावर काजळ धरलंत. वाटी बाबांपुढे ठेवून विचारलंत, "बाबानू, धूर खंय लागायचो?"

बाबा बोटाने दाखवायला गेले. त्यांचा हात कापतो, तीन वर्षं झाली. जेवताना चमचा ताटावर वाजतो म्हणून हल्ली ते आमच्याबरोबर बसतही नाहीत. बोट विमानापर्यंत आलं आणि त्यांनी ते मागे घेतलं. म्हणाले, "तुम्हीच करा, माझ्याने बिघडेल."

तुम्ही काहीच बोलला नाहीत. धीर दिला नाहीत की हात धरला नाहीत. काठीचं एक टोक टेबलावर टेकवलंत, दुसरं हातात धरलंत आणि ती त्यांच्या मनगटाखाली सरकवलीत. मग मान वळवून माझ्या बायकोला विचारलंत, चहा आहे का.

तुम्ही चहा पीत होतात, काठी तुमच्या डाव्या हातात स्थिर होती, आणि बाबा बोटाने काजळ लावत होते. आधी उजवीकडे, मग डावीकडे. बोलायला लागले ते थांबेचनात. विमान घाण नसायचं, म्हणाले, आम्ही रोज पुसायचो, खाऱ्या हवेमुळे गोड्या पाण्याने धुवायचो. डाग राहायचा तो फडकं फिरूनही जात नाही तेवढाच. आणि इथे, पंखाच्या मुळाशी, आमचे बूट घासून रंग उडायचा. तिथे तुम्ही सुक्या ब्रशाने नावापुरता चंदेरी लावलात. मी कुठेकुठे हौसेने मातट फासलं होतं, ते सगळं त्यांनी पुसायला लावलं.

चाळीस मिनिटं झाली असतील. त्या चाळीस मिनिटांत शाळेत तुमच्या किती मूर्तींच्या भुवया झाल्या असत्या, याचा हिशोब मी नंतर केला आणि लाज वाटली.

पैशांचं काढलं तर "ऱ्हवांदेत" म्हणून छत्री उघडलीत. काका, चांगुलपणावर व्याख्यानं देणारे मी खूप ऐकले आहेत, एकदोनदा हार घालायलाही गेलो आहे. पण समोरच्याचा हात कापतोय हे दिसल्यावर तो प्रसंग चहावर नेणारा माणूस माझ्या पाहण्यात दुसरा नाही. आमच्या वाडीत अशी माणसं पूर्वी बरीच होती असं आई म्हणायची. आई सगळंच पूर्वी बरं होतं म्हणायची, ते सोडा.

विमानाची खबर: रंगाआधी ६१० ग्रॅम भरलं होतं, आता ६४८. वाढलेलं वजन बरंचसं शेपटाकडे गेलं, म्हणून जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या नाकात भरून तोल पुढे आणला. पाऊस सरला की किनाऱ्यावर, ओहोटीच्या कडक वाळूवर उडवायचं ठरलं आहे. बाबा म्हणतात, उडवू नको. मग म्हणतात, उडव, पण मी असताना. आता त्याला ते 'तीनशेवालं' म्हणतात. खेळणं हा शब्द पुन्हा आला नाही.

तुमचा एक बारीक ब्रश आमच्याकडे राहिला आहे. रविवारी घेऊन येतो.

आपला,
वरच्या वाडीतला विमानवाला

ता. क. काजळावर पातळ फेव्हिकॉलचा हात मारू का, असं बाबांना विचारलं होतं. चकाकी येईल म्हणून त्यांनी नको म्हटलं. त्यामुळे उचलताना डाग पुसला जातो आणि दर दोनतीन दिवसांनी ते पणती मागतात. काठी म्हणून सध्या लाटणं वापरतात. तुमच्याकडे बांबूचा एखादा तुकडा शिल्लक असला तर रविवारी काढून ठेवा.