एसएमबी-१ बंद करा, पण ड्रायव्हर उडवून नव्हे

संपादक महोदय,

एसएमबी-१ म्हणजे नेटवर्कवरून फाइली शेअर करण्याची विंडोजची जुनी पद्धत. ‘एसएमबी-१ बंद करा’ हा सल्ला २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या हल्ल्याच्याही आधीपासून दिला जातो आणि तो बरोबरच आहे. घोळ होतो तो बंद करण्याच्या पद्धतीत. सिस्टम फोल्डरमधली ड्रायव्हरची फाइल उडवणे हा त्यातला सर्वांत वाईट प्रकार.

विंडोज १० आणि ११ मध्ये काम सोपे आहे. कंट्रोल पॅनेलमधून विंडोज फीचर्सची यादी उघडा, एसएमबी १.० ची टिकमार्क काढा, मशीन रीस्टार्ट करा. त्याखाली क्लायंट (दुसऱ्या यंत्रावरच्या फाइली उघडणारा भाग) आणि सर्व्हर (आपल्या फाइली इतरांना देणारा भाग) वेगवेगळे दिसतात. जुन्या नॅसवरच्या (नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या डब्यावरच्या) फाइली उघडायच्याच असतील तर तूर्त फक्त क्लायंट ठेवा.

अजून चालू असलेल्या विंडोज ७ च्या मशीनवर मात्र लोक हमखास फसतात. तिथे वर्कस्टेशन सर्व्हिस, म्हणजे नेटवर्कवरचे फोल्डर उघडून देणारी विंडोजची सेवा, ‘एमआरएक्सएसएमबी१०’ या एसएमबी-१ च्या ड्रायव्हरवर अवलंबून असते. नुसता तो ड्रायव्हर डिसेबल केला की रीस्टार्टनंतर ही सर्व्हिस १०६८ एरर देऊन अडते आणि नेटवर्कवरचे शेअर केलेले सगळेच फोल्डर त्या मशीनवरून उघडेनासे होतात. म्हणून आधी ‘एससी’ कमांडने तिच्या डिपेंडन्सीत (ती ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या यादीत) बाउझर, एमआरएक्सएसएमबी२० आणि एनएसआय एवढेच ठेवायचे, मग १० डिसेबल करायचा. कमांडमध्ये ‘डिपेंड’नंतरच्या बरोबरच्या चिन्हाला चिकटून काही लिहू नका, एक स्पेस सोडा, ती स्पेस नसेल तर कमांड चालत नाही. आणि २० ला हात लावू नका. एसएमबी-२ आणि ३ दोन्ही त्याच एका ड्रायव्हरवर चालतात.

यानंतर ‘प्रिंटरचा ड्रायव्हर बिघडला’ अशी ओरड होते. बहुधा प्रिंट व्यवस्थित निघत असते, कारण ती सहसा ९१०० पोर्टवरून किंवा आयपीपी या छपाईच्या वेगळ्या प्रोटोकॉलने जाते. अडलेले असते स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकणे. जुन्या कॉपियरला तिथे एसएमबी-१ शिवाय काही येत नाही. ड्रायव्हर पुन्हा टाकून उपयोग शून्य. कॉपियरचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) अपडेट करा, नाहीतर स्कॅन ईमेलवर वळवा.

असे कॉपियर आधीच हुडकता येतात. विंडोज १० वर पॉवरशेल या कमांड लिहायच्या खिडकीतून एसएमबी-१ चे ऑडिट (कोण ते वापरते याची नोंद) चालू करा. एसएमबी सर्व्हरच्या ऑडिट लॉगमध्ये ३००० क्रमांकाची नोंद पडली की त्यात जोडणाऱ्या यंत्राचा पत्ता मिळतो. ऑडिट निदान महिनाभर चालू ठेवा. हिशेब विभागाचा स्कॅनर महिनाअखेरीलाच जागा होतो.

– एक वाचक